अतिशैत्याचे शोधक कामर्लिंग ऑनेस

सृष्टीचीं रहस्यें उकलण्यास बुद्धीइतकीच चिकाटीहि लागते. याचें उत्तम उदाहरण म्हणून हॉलंडमधील थोर शास्त्रज्ञ हाइके कामर्लिंग ऑनेस यांचें अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म ता. २१ सप्टेंबर १८५३ रोजीं ग्रोनिंगेन शहरीं झाला. सन १८८२ मध्यें लायडन विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाल्यावर त्यांनीं अतिशैत्याचा अभ्यास आरंभिला. दाबून भरलेल्या वायूंचा स्फोट होईल या भयानें त्यांच्या प्रयोगशाळेचें काम कांहीं काळ बंद पाडण्यांत आलें. तरी ते खचले नाहींत. सूक्ष्म उपकरणें घडविणारे कारागीर हवेत म्हणून त्यांनीं त्यांच्या शिक्षणाचीहि सोय केली.

ता. १० जुलै १९०८ रोजीं त्यांनीं हेलियम वायूचा द्रव केला. हा द्रव शून्याखालीं सुमारें २६९ अंश सेंटिग्रेड इतका थंड असतो. सन १९११ मध्यें अशा थंडींत पाऱ्यांतून वीज सोडली असतां तिला होणारा विरोध एकाएकीं नाहींसा झाला. हीच अतिसंवाहकता होय. सन १९१३ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

न तापणाऱ्या तारेचें वेटोळें करून प्रचंड शक्तीचा विद्युच्चुंबक बनवावा, अशी त्यांची उमेद होती. परंतु चुंबकीय क्षेत्र मर्यादेबाहेर वाढलें कीं अतिसंवाहकताच नष्ट होते, असें सन १९१४ मध्यें त्यांस आढळलें. जें निर्माण करावयाचें तेंच साधनाचा घात करूं लागलें! ता. २१ फेब्रुवारी १९२६ रोजीं ते निवर्तले, तेव्हां ती उमेद अपुरीच होती.

पुढील संशोधकांनीं मात्र तो धागा सोडला नाहीं. नायोबियम धातूच्या मिश्रणांच्या तारा प्रबल क्षेत्रांतहि टिकतात असें दिसून आलें, व त्यांचे चुंबक आज रुग्णालयांतील यंत्रांत वापरले जातात. सन १९८० मध्यें तर कार्बनयुक्त स्फटिकांतहि अतिसंवाहकता सांपडली. त्यांत रेणूंच्या चवडी असून वीज मुख्यतः चवडीच्या दिशेनेंच वाहते, आणि चवडी शेजारीं शेजारीं मांडून थर बनलेले असतात. क्षेत्र थरांस लंब असेल तर थरांत विजेचे भोंवरे सहज उठून अतिसंवाहकता लवकर मोडते. तेंच क्षेत्र थरांस समांतर ठेविलें, तर विजेला एका थरांतून दुसऱ्यांत जाणें कठीण असल्यामुळें भोंवऱ्यांस वाव राहत नाहीं, व ती पुष्कळ अधिक प्रबल क्षेत्रांतहि टिकते.

विद्यार्थिमित्रहो, क्षेत्राचें बळ तेंच, परंतु दिशा बदलतांच फळ बदलतें. एका पिढीची अडलेली वाट दुसरी पिढी मोकळी करते; मात्र पहिलीनें तेथवर चालत गेलें पाहिजे. ऑनेस यांच्या चरित्रांतून आपण हाच बोध घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.