कवटी मोजणाऱ्या इरावतीबाई

मानवी कवटीत २२ हाडे असतात, आणि तिच्या डाव्या-उजव्या बाजू कुणाच्याच तंतोतंत सारख्या नसतात. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये पीएच.डी.साठी हाच विषय घेतला होता.

१९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाई पुण्यात शिकल्या आणि महर्षी कर्वे यांच्या सूनबाई झाल्या. बर्लिनमधील त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा समज असा, की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची पुढची उजवी बाजू मोठी असते, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. या असमानतेचा वंशाशी संबंध आढळला नाही. पदवी फिशर यांच्याच हाती होती, तरी त्यांनी मोजमापाने दाखवले तेच लिहिले. श्रेणी खालची मिळाली, पण १९३० साली डॉक्टरेट पदरात पडली.

पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी मानवशास्त्राची पायाभरणी केली. १९७० साली त्यांचे निधन झाले. कवटीवरून बुद्धी ठरत नाही, हे त्यांनी पंचविशीतच मोजून दाखवले होते.