खानदेशचे साने गुरुजी

साने गुरुजींचे नाव निघाले की आपल्यापैकी पुष्कळ भगिनींचे डोळे भरून येतात. 'श्यामची आई'चा हा प्रभाव होय. परंतु मला नेहमी वाटते, की त्या हळव्या श्यामच्या आड एक फार करारी पुरुष झाकून गेला आहे. देशाच्या राजकारणाला आणि समाजाला वळण लागले अशा दोन प्रसंगी हा पुरुष अंग मोडून राबला. त्यातला एक प्रसंग तर आपल्या फैजपूरच्याच मातीत घडला. म्हणून हे चरित्र लिहावयास घेतले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. आई यशोदाबाई १९१७ साली वारली. अर्धपोटी राहून मुलगा एम. ए. झाला आणि १९२४ साली अंमळनेरच्या शाळेत शिक्षक झाला. छात्रालयाचे कामही त्याच्याकडेच आले. मुलांच्या खोल्या आवराव्या, आजारी मुलाच्या उशाशी बसावे, असे हे शिक्षक! घरात जे काम बायकांचे म्हणून ठरले आहे, ते गुरुजींनी कधी हलके मानले नाही.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. पुढे तुरुंग हीच त्यांची पाठशाळा झाली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर प्रवचने देत, ती उतरून घेतली गुरुजींनी. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले, तेही अवघ्या पाच दिवसांत.

आता आपल्या गावाकडे येऊ. तोवर काँग्रेसची अधिवेशने शहरांत भरत. खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरचे; तारखा २७ आणि २८ डिसेंबर १९३६, अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ते अंगावर घेतले होते. गुरुजी खेडोपाडी हिंडून स्वयंसेवक जमवीत होते. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी येथलाच बांबू आणि येथलेच गवत घेऊन टिळकनगर सजविले. माझ्या सासूबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. पंडितजींपेक्षा त्यांच्या लक्षात राहिले ते बैल आणि रथ! शेतसारा कमी व्हावा, कर्जाचा भार हलका व्हावा, अशा शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम याच अधिवेशनात मंजूर झाला. शेतकऱ्याचे दुःख देशाच्या सभेत मांडायचे, तर ती सभा शेतकऱ्याच्या दारी भरली, हे केवढे मोठे वळण! गुरुजींनी पुढे १९३८ साली अंमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक काढले आणि शेतकरी-कामगारांची बाजू लढविली. १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत राहिले.

दुसरे वळण पंढरपूरचे. महायुद्ध संपले होते, स्वातंत्र्य उंबरठ्यावर होते; परंतु ज्यांना तेव्हा हरिजन म्हणत, त्यांना विठोबाच्या देवळाचा उंबरठा ओलांडता येत नव्हता. चोखोबांची समाधीदेखील महाद्वाराबाहेरच आहे. आपण दरवर्षी वारीला जाणाऱ्या, पण या गोष्टीचा विचार किती जणींनी केला असेल? गुरुजींनी १९४७ च्या आरंभी महिनोन् महिने महाराष्ट्र पिंजून काढला. सेनापती बापट बरोबर होते. गावोगावची देवळे, विहिरी खुल्या होऊ लागल्या. पंढरपूरचे देऊळ मात्र उघडेना. तेव्हा १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. खुद्द महात्माजींनी उपोषण सोडण्याविषयी तार केली. ज्यांना ते गुरुस्थानी मानीत, त्यांचेही त्यांनी ऐकले नाही. याला मी करारीपणा म्हणते. दहाव्या दिवशी देऊळ उघडण्याचे आश्वासन मिळाले आणि उपोषण सुटले.

याच सुमारास दूर अमेरिकेतही, युद्धानंतर, असाच प्रश्न पेटत होता. तेथे उंबरठा देवळाचा नसून शाळेचा आणि मोटारबसचा होता. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या सक्तीने वेगळ्या ठेवलेल्या सरकारी शाळा बेकायदा ठरविल्या. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईने गोऱ्या उतारूसाठी बसमधील जागा सोडली नाही, आणि तिला अटक झाली. त्या रात्री तेथल्या एका महिला संघटनेच्या बायकांनी हजारो पत्रके छापून काढली. (मंडळातील भगिनींनी हे ध्यानात घ्यावे!) ३८१ दिवस तेथील काळे लोक बसमध्ये चढले नाहीत, पायी गेले, आणि जिंकले. त्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग गांधीजींचा मार्ग मानणारे होते; १९५९ साली ते हिंदुस्थानात येऊन गेले. गुरुजी असते तर त्यांना भेटावयास धावत गेले असते, असे मला वाटते.

पण गुरुजी नव्हते. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी २१ दिवस उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भारतातील प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या यासाठी आंतरभारतीची कल्पना मांडली. मन मात्र खचत गेले होते. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी आपल्या हाताने जीवन संपविले. वय अवघे पन्नास. या शेवटाविषयी लोक दबक्या आवाजात बोलतात. मला तसे बोलण्याचे कारण दिसत नाही. इतरांचे दुःख अंगावर घेणाऱ्याला स्वतःचे दुःख सांगायला माणूस मिळाले नसेल.

'साधना' आजही निघते. मंडळाच्या कपाटात 'श्यामची आई'च्या तीन प्रती आहेत, आणि त्या सदा बाहेरच असतात. त्यांच्या 'भारतीय संस्कृती'ची मात्र एकच प्रत आहे, आणि ती बहुधा जागेवर सापडते.