बर्लिनची अपुरी राहिलेली पदवी

दक्षिण अमेरिकी राज्यांतील गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी कापडगिरणीमालक जॉन स्लेटर यांनी १८८२ मध्ये दहा लाख डॉलरचा निधी उभारला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष रदरफर्ड हेज हे या निधीचे प्रमुख होते. युरोपात उच्च शिक्षण घेण्याच्या योग्यतेचा कृष्णवर्णीय तरुण मिळाल्यास निधी त्याचा खर्च उचलेल, पण तसा तरुण अद्याप आढळलेला नाही, अशा आशयाचे त्यांचे विधान १८९० मध्ये वृत्तपत्रांत छापून आले. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या बावीस वर्षांच्या विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डु बॉइस यांनी ते वाचले आणि तत्काळ अर्ज केला.

अर्ज नाकारण्यात आला. अशी कोणतीही योजना सध्या नाही, असे त्यांना कळविण्यात आले. त्यावर एखाद्याने खालमानेने गप्प बसणे पसंत केले असते. डु बॉइस यांनी मात्र माजी राष्ट्राध्यक्षांना खरमरीत पत्र धाडले. शिष्यवृत्ती न देण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आपल्या समाजात पात्र तरुणच नाही, असा जाहीर समज पसरविल्याबद्दल होती. पुढे शिफारसपत्रांचा आणि पत्रव्यवहाराचा सपाटा त्यांनी चालूच ठेवला. अखेर १८९२ मध्ये साडेसातशे डॉलर मंजूर झाले. त्यातील निम्मी रक्कम देणगी, निम्मी कर्ज.

हा तरुण काही श्रीमंताघरचा नव्हता. मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावात २३ फेब्रुवारी १८६८ रोजी त्यांचा जन्म झाला. आई १८८५ मध्ये निवर्तली. गावातील चर्चनी वर्गणी काढून त्यांना टेनेसीतील नॅशव्हिल येथे फिस्क विद्यापीठात पाठविले. फिस्कमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ग्रीक, लॅटिन, तत्त्वज्ञान असे 'लिबरल आर्ट्स'चे व्यापक शिक्षण दिले जाई. नांगर आणि रंधा एवढेच कृष्णवर्णीयांच्या हाती द्यावे, असे मानणाऱ्यांचा तो काळ होता. खुद्द स्लेटर निधीचा कलही हस्तव्यवसायाच्या शिक्षणाकडे होता. १८८८ च्या पदवीदान समारंभात डु बॉइस यांनी भाषणासाठी विषय निवडला तो जर्मनीचे चॅन्सलर बिस्मार्क यांचा. विखुरलेल्या राज्यांचे एक राष्ट्र करणारा पुरुष म्हणून त्यांना बिस्मार्कचे आकर्षण होते. आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरविणारी १८८४-८५ ची परिषद याच बिस्मार्कने बर्लिनमध्ये भरविली होती, हे त्या उत्साहात नजरेआड झाले.

फिस्कची पदवी हार्वर्डने आपल्या पदवीच्या तोडीची मानली नाही. पदवीधर डु बॉइस यांना तेथे पुन्हा तिसऱ्या वर्षाला बसावे लागले. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांच्यासारखे गुरू लाभले. राहण्याची सोय मात्र विद्यापीठाबाहेर एका कृष्णवर्णीय कुटुंबात करावी लागली.

१८९२ च्या उन्हाळ्यात ते रॉटरडॅमला उतरले. भाषा पक्की करण्यासाठी काही आठवडे आयझेनाख येथे एका जर्मन कुटुंबात राहिले. त्या घरात ते सर्वांसोबत एकाच टेबलावर जेवत, मुलींबरोबर नृत्य करीत, वनात फिरायला जात. अमेरिकेत यातली एकही गोष्ट त्यांच्या वाट्याला सहजासहजी आली नसती. यजमानांच्या कन्येने तर विवाहाची तयारी दाखविली. आपल्याबरोबर अमेरिकेत येऊन तिचे हाल होतील, हे ओळखून त्यांनी नकार दिला.

बर्लिन विद्यापीठात गुस्ताव श्मोलर आणि अडॉल्फ वाग्नर या अर्थशास्त्रज्ञांच्या वर्गात त्यांना प्रवेश मिळाला. आधी सिद्धान्त मांडून मग वास्तव त्यात बसविण्यापेक्षा नोंदी, आकडे आणि इतिहास धीराने गोळा करावेत, ही श्मोलर यांची शिकवण त्यांनी मनोमन स्वीकारली. प्रखर राष्ट्रवादी इतिहासकार ट्राइच्के यांची व्याख्यानेही त्यांनी ऐकली. वर्णद्वेष केवळ अमेरिकेची मक्तेदारी नाही, याचा धडा त्यांना तेथे मिळाला असणार. पंचविसाव्या वाढदिवसाच्या रात्री, बर्लिनमधील खोलीत एकट्यानेच मेणबत्त्या लावून त्यांनी आपल्या समाजाच्या उन्नतीसाठी आयुष्य वाहण्याचा संकल्प लिहून ठेवला. सुट्ट्यांत ते इटली, व्हिएन्ना, पोलंडपर्यंत भटकले.

दक्षिण अमेरिकी राज्यांतील शेतीवर त्यांनी प्रबंध लिहिला. श्मोलर अनुकूल होते. परंतु विद्यापीठाच्या नियमानुसार सत्रे पुरी भरत नव्हती. आणखी काही महिने राहणे आवश्यक होते. हेज १८९३ मध्येच निधन पावले होते. निधीने मुदतवाढ नाकारली आणि पदवी हार्वर्डमधूनच घ्यावी असा सल्ला दिला. १८९४ च्या जूनमध्ये डु बॉइस जहाजाच्या सर्वांत स्वस्त वर्गातून मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी ते हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले.

बावीस-तेवीस वर्षांनी हाच अनुभव एका मराठी विद्यार्थ्याला आला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १९१७ मध्ये मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. तो त्यांनी पुढे १९२३ मध्ये पूर्ण केला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे मांडणाऱ्या निवेदनाची प्रत मागण्यासाठी त्यांनी १९४६ मध्ये डु बॉइस यांनाच पत्र लिहिले आणि डु बॉइस यांनी त्याला आस्थेने उत्तरही दिले.

बर्लिनची पद्धत डु बॉइस यांनी फिलाडेल्फियात वापरली. शहराच्या सातव्या वॉर्डात घरोघर जाऊन त्यांनी सुमारे अडीच हजार कुटुंबांची माहिती जमविली. १८९९ मध्ये त्यावर आधारित ग्रंथ निघाला. अमेरिकी समाजशास्त्रातील हे पायाभूत काम. पण विद्यापीठीय वर्तुळाला त्याची नीट दखल घ्यायला फार उशीर लागला. कृष्णवर्णीयांना हस्तव्यवसायाचे शिक्षण पुरेसे आहे, या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या भूमिकेला १९०३ मध्ये त्यांनी जाहीर विरोध केला. हा वाद अनेकदा दोन व्यक्तींमधील स्पर्धा म्हणून सांगितला जातो. तो तेवढाच नव्हता. ग्रीक आणि जर्मन शिकलेल्या माणसाला ती दारे इतरांसाठी बंद होताना पाहावत नव्हती.

१९१० पासून जवळपास पाव शतक 'क्रायसिस' या मासिकाचे संपादन त्यांनी केले. शीतयुद्धाच्या काळात सरकारचा रोष ओढवला. १९५१ मध्ये खटला झाला, त्यात ते निर्दोष सुटले. तरीही पारपत्र नाकारण्यात आले. १९५७ च्या घानाच्या स्वातंत्र्यसोहळ्याला त्यांना जाता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९५८ मध्ये पारपत्र परत मिळाले, तेव्हा वयाची नव्वदी गाठली होती. त्याच वर्षी ते पुन्हा बर्लिनला गेले. शहर दुभंगले होते आणि जुन्या विद्यापीठाला हम्बोल्ट हे नाव मिळाले होते. चौसष्ट वर्षांपूर्वी राहून गेलेली पदवी या विद्यापीठाने त्यांना सन्मानपूर्वक बहाल केली. १९६१ मध्ये ते घानाला स्थायिक झाले आणि २७ ऑगस्ट १९६३ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, अक्रा येथे त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टनच्या ऐतिहासिक मोर्चाची ती पूर्वसंध्या होती. दुसऱ्या दिवशी जमलेल्या लाखोंना ही वार्ता व्यासपीठावरून सांगण्यात आली.