वंशावळीतली परकी सून

वंशावळ म्हटली की बापाचं नाव, मुलाचं नाव, नातवाचं नाव. ज्या बायकांनी ती मुलं जन्माला घातली, त्यांचा पत्ताच नसतो. बायबलमधल्या वंशावळीही बहुतेक अशाच. म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला येशूची वंशावळ वाचताना रूथ हे नाव दिसलं आणि मी थबकले. कारण ही बाई त्या कुळातली नव्हती, त्या देशातलीही नव्हती.

रूथ मवाबातली, म्हणजे मृत समुद्राच्या पूर्वेकडची. इस्राएली आणि मवाबी यांचं जुनं वैर. मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घ्यायचं नाही, असं मोशेचं नियमशास्त्र सांगत होतं. पण बेथलेहेमात दुष्काळ पडला आणि अलीमलेख, त्याची बायको नामी आणि त्यांचे दोन मुलगे पोटासाठी मवाबातच आले. अलीमलेख तिथे वारला. मुलांनी तिथल्याच मुलींशी लग्नं केली, अर्पा आणि रूथ. तिथे दहाएक वर्षं काढल्यावर दोघे मुलगेही गेले, मागे मूलबाळ न ठेवता. घरात उरल्या तीन विधवा.

नामी गावाकडे निघाली. सुनांना तिने माहेरी जायला, पुन्हा संसार मांडायला सांगितलं. अर्पा रडत परतली. मी तिला नावं ठेवणार नाही, तिने सासूचंच ऐकलं. रूथ मात्र हलेना. नामीची माणसं आणि नामीचा देव तिने आपला मानला.

दोघी बेथलेहेमात पोचल्या तेव्हा जवाची कापणी सुरू होती. रूथ सरवा वेचायला गेली. उन्हात वाकून एकेक कणीस गोळा करायचं, हे कष्ट शेताशी नातं असलेल्या मैत्रिणींना सांगायला नकोत. पण तिथे ती भीक नव्हती. शेत कडेपर्यंत कापू नये, पडलेलं गरिबाला, विधवेला, परदेशीयाला राहू द्यावं, असंही मोशेचंच नियमशास्त्र सांगत होतं. एका नियमाने दार बंद केलं, दुसऱ्याने भाकरी दिली.

शेत निघालं बवाजचं, अलीमलेखाच्या नातलगाचं. कापणी, मळणी झाली. सासूच्या सल्ल्याने रूथ रात्री खळ्यावर गेली आणि मला आधार द्या, असं तिने स्वतःहून बवाजला सांगितलं. केवढं धाडस! पण तिच्यावर पहिला हक्क दुसऱ्या, जवळच्या नातलगाचा होता. बवाजने वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर त्याला विचारलं. अलीमलेखाची जमीन घ्यायला तो तयार होता. पण जमिनीबरोबर रूथलाही करून घ्यायचं आणि मेलेल्याचं नाव चालवायचं म्हटल्यावर आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून तो मागे सरला. बवाजने रूथशी लग्न केलं. त्यांचा मुलगा ओबेद, ओबेदाचा इशाय आणि इशायाचा मुलगा दावीद राजा.

गंमत बघा, वतन जपणाऱ्या त्या माणसाचं नाव बायबलने नोंदवलेलंच नाही! आणि रूथचं? तिच्या नावाच्या पुस्तकाच्या शेवटीही वंशावळ आहे, पण तिच्यात फक्त पुरुष. बाळ नामीच्या मांडीवर, नाव ठेवलं शेजारणींनी. तिथे सुटलेलं रूथचं नाव कितीतरी शतकांनी मत्तयाने लिहिलं.

का लिहिलं असेल? देवाने अब्राहामाला वचन दिलं होतं, की तुझ्यामुळे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळेल. दावीदाला वचन दिलं होतं, की तुझं राज्य टिकेल. मत्तय आपली यादी या दोघांच्या नावांनीच सुरू करतो. म्हणजे ही वंशावळ दिलेल्या शब्दांचा हिशेब आहे. सगळ्या कुळांना असा शब्द असेल, तर यादीत परक्या कुळातलं कुणी नको का? तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको आणि शेवटी मरिया अशा पाच बायका तिथे आहेत. उरीयाच्या बायकोचं तर नावही नाही, नुसती नवऱ्याची ओळख.

वंश रक्ताने चालतो, असं आपण म्हणतो. मला वाटतं, या वंशात रक्ताइतकाच शब्द चालला. देवाचा शब्द पुढे नेणाऱ्यांत सासूला दिलेला शब्द पाळणारी एक परकी सूनही होती.