विश्लेषण : चार रुपये पगारावर गोलंदाजी, पण कर्णधारपद नाही... पालवणकर बाळू कोण होते?

उन्हाळा लागला की दुधनी, अक्कलकोट, सोलापूर पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचे फलक लागतात. चांगला गोलंदाज हवा असेल तर त्याला प्रवासखर्च आणि ठरलेली रक्कम देऊन बाहेरगावाहून बोलवायचे, यात आता कोणाला काही वावगे वाटत नाही. तो आला की त्याला जेवायला वाढतात, त्याच्यासोबत सेल्फी काढतात आणि निर्णायक षटक त्याच्याच हाती देतात.

सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात एक तरुण पैसे घेऊन गोलंदाजी करत होता. निर्णायक षटके त्याच्याकडेच असायची. चहा मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर मिळायचा. त्याचे नाव पालवणकर बाळू. धावफलकांवर आणि वृत्तपत्रांत ते ‘पी. बाळू’ असे छापले जाई. ‘लगान’ चित्रपटातला कचरा हा फिरकी गोलंदाज पाहताना अनेकांना याच बाळूंची आठवण होते. मात्र खऱ्या बाळूंची गोष्ट एका सामन्यात संपत नाही. ती पुण्याच्या मैदानावरून लॉर्ड्सपर्यंत आणि तिथून थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्धच्या निवडणुकीपर्यंत जाते.

सुरुवात कशी झाली?

बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाडचा. कुटुंब मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळच्या रूढीनुसार अस्पृश्य. वडील लष्करी खात्यात नोकरीला असल्याने मुले पुण्यात वाढली. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

पहिली नोकरीही मैदानावरचीच होती. पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. तिथे रोलर फिरवणे, चुना मारून रेघा आखणे, नेट बांधणे ही कामे होती. साहेब लोक सरावाला आले की त्यांना चेंडू टाकणे हे हळूहळू कामातच धरले गेले.

डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारा हा पोरगा साहेबांना खेळता येईना. जे. जी. ग्रेग हे त्या वेळचे नामांकित फलंदाज इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंच्या चेंडूंवर सराव करत. बाद केल्यास दर वेळी आठ आणे, असा ग्रेग यांचा दर होता, असे सांगतात. हिशेब करून पाहा. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. ग्रेग यांना आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटला. आजच्या भाषेत याला ‘परफॉर्मन्स बोनस’ म्हणता येईल!

या व्यवहाराची दुसरी बाजूही आहे. बाळूंनी या साहेबांना तासन् तास चेंडू टाकले, पण त्यांच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही. बॅट साहेबाची आणि घाम नोकराचा, असा तो रिवाज होता. बाळू पुढे मोठे गोलंदाज झाले, मात्र फलंदाजीत त्यांचे नाव फारसे झाले नाही. यात गुणवत्तेचा भाग किती आणि न मिळालेल्या सरावाचा किती, हे आकड्यांवरून काढता येत नाही.

संघात घेतले, पण पंगतीत?

पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचे होते. त्यांना रोज बाद करणारा माणूस त्यांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. त्याला संघात घ्यायचे की नाही, यावरून क्लबात दोन तट पडले. अखेर तोडगा निघाला, तो आज वाचताना विचित्र वाटतो. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावतील, मैदानाबाहेर मात्र शिवाशीव पाळायची.

त्यामुळे चहाच्या वेळी संघ पॅव्हेलियनमध्ये बसे आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी द्यायचे तर तेही अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचे. म्हणजे बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षकाला चालत होता, पण त्यांची कपबशी चालत नव्हती.

मैदानावरचे निकाल मात्र बदलू लागले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने बाळूंची फिरकी चालू नये म्हणून सामन्याआधी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला होता. खेळपट्टी दाबून पक्की केली की चेंडू कमी वळतो, हे खरे. पण ज्याने वर्षानुवर्षे स्वतः रोलर ओढला त्याला ही युक्ती नवी नव्हती. बाळूंनी सात बळी घेतले आणि हिंदू संघ जिंकला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात त्यांचा जाहीर गौरव केला. तुम्ही त्याच्यासोबत खेळता, तर जेवायला काय हरकत आहे, असा रानडे यांच्या बोलण्याचा रोख होता.

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि त्यानंतर बाळू मुंबईला गेले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही काही सभासदांनी विरोध केला, पण कर्णधार कीर्तिकर यांनी त्यांना संघात घ्यायचेच असे ठरवले. पोटापाण्यासाठी बीबीसीआय रेल्वेत नोकरी मिळाली. तेव्हा रेल्वे कंपन्यांचेही क्रिकेट संघ होते, त्यामुळे नोकरी आणि खेळ एकाच ठिकाणी जमले.

१९०६ चा सामना इतका महत्त्वाचा का?

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन आमनेसामने आले. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियन १९१ वर आटोपले. हिंदूंचा दुसरा डाव १६० वर संपला. विजयासाठी २१२ धावा हव्या असताना युरोपियन १०२ धावांत गारद झाले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन डावांत मिळून आठ बळी घेतले. शिवरामही याच संघात होते.

बंगालच्या फाळणीमुळे देशात स्वदेशीची चळवळ पेटलेली असताना हा निकाल लागला होता. गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद तर होताच, पण सुधारकांच्या वृत्तपत्रांनी वेगळा मुद्दा मांडला. जात बाजूला ठेवली म्हणून हा विजय मिळाला, असा त्यांचा सूर होता. पुण्यातला मातीच्या भांड्याचा चहा मुंबईत मागे पडत गेला आणि हिंदू जिमखान्यात बाळू सहकाऱ्यांसोबत बसू लागले. जे सभांमधल्या ठरावांनी होत नव्हते ते काही प्रमाणात बळींच्या आकड्याने झाले, असे म्हणता येईल.

पुढच्या वर्षी पारशी, युरोपियन आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ पासून मुस्लिम संघ आल्याने ती चौरंगी झाली. मुंबईचे सगळ्यांत मोठे क्रिकेट तेव्हा हेच होते.

इंग्लंड दौऱ्यात काय घडले?

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा ३५ वर्षांचे होते आणि खांदा दुखत होता. या दौऱ्यात भारतीय संघ जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त. पण बाळूंनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत २०.१२ च्या सरासरीने ७५ बळी घेतले, सगळे सामने धरले तर ११४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी, ही त्यांची प्रथम श्रेणीतली सर्वोत्तम कामगिरी. हरणाऱ्या संघात, परक्या हवेत, दुखऱ्या खांद्याने केलेली ही कामगिरी आहे, हे आकडे वाचताना लक्षात ठेवायला हवे.

मुंबईत परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. मानपत्र देण्याचे काम एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडे होते. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. बाळू तेव्हा त्या पिढीचे नायक होते.

मग कर्णधारपद का नाही?

पैसे घेऊन खेळणाऱ्याला कमी लेखण्याची रीत इंग्लंडमध्येही होती. उत्तर इंग्लंडच्या रग्बी क्लबांत खाणकामगार आणि गिरणी कामगार खेळत. सामन्यासाठी बुडालेली मजुरी त्यांना द्यावी की नाही यावरून भांडण होऊन २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डला हे क्लब वेगळे झाले. त्यातून पुढे ‘रग्बी लीग’ हा व्यावसायिक खेळ उभा राहिला. क्रिकेटमध्ये तर हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेअर’ अशी सरळ विभागणी होती. मैदानात उतरण्याचे दरवाजेही अनेक ठिकाणी वेगळे होते. विसाव्या शतकात इंग्लंडला नियमित पगारी कर्णधार मिळायला १९५२ साल उजाडले. ते होते लेन हटन.

हटन यांच्या आड पैसा आणि वर्ग होता. बाळूंच्या आड त्याशिवाय जातही होती. इंग्लंडचा खाणकामगार वेगळी संघटना काढू शकला. बाळूंना मात्र ‘हिंदू’ नावाच्या संघातच खेळायचे होते आणि तिथे नेतृत्व कोणाकडे जाणार हे जवळपास ठरलेले होते.

१९१० च्या दशकात बाळू संघातले सर्वांत अनुभवी खेळाडू होते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे भाऊही हिंदूंकडून खेळत होते. कर्णधारपदासाठी बाळूंचे नाव वारंवार पुढे येई आणि दर वेळी मागे पडे. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच्याच सत्कारात सांगून टाकले, की हा मान बाळूंचा होता. कर्णधारच असे म्हणतो, तरी निवड समिती हलत नाही, हे पाहिले की प्रश्न गुणवत्तेचा नव्हता हे कळते.

१९२० मध्ये स्फोट झाला. बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी असल्याने कर्णधार नेमायचा होता, तेव्हा विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधर यांची निवड झाली. देवधर मोठे फलंदाज होते यात वाद नाही. पण विठ्ठल त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. मुंबईत गदारोळ झाला. गांधीजींची अस्पृश्यताविरोधी भूमिका तेव्हा जोर धरत होती, त्यामुळे जिमखान्यालाही हे प्रकरण दडपणे अवघड गेले. अंतिम सामन्यासाठी भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार केले गेले आणि पै यांनी मुद्दाम काही वेळ मैदान सोडले. तेवढा वेळ बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. वय ४४. त्यांच्या वाट्याला आलेले कर्णधारपद एवढेच.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये विठ्ठल अधिकृत कर्णधार झाले. हिंदू संघ जिंकला आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. पालवणकर बंधूंची ही लढाई घरातल्या माणसाच्या नजरेतून वाचायची असेल, तर ते शोधून काढावे.

आंबेडकरांविरुद्ध निवडणूक का लढवली?

आयुष्याचा हा भाग वादग्रस्त आहे आणि क्रिकेटच्या लेखांत तो बऱ्याचदा गाळला जातो. १९३० च्या दशकात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत की नकोत, यावर देश विभागला होता. आंबेडकर त्यांच्या बाजूने होते. बाळू एम. सी. राजा यांच्यासोबत विरोधात, म्हणजे गांधीजींच्या बाजूला उभे राहिले. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत बाळूही होते.

हिंदूंमध्ये राहूनच, मैदानावर कर्तृत्व दाखवून दरवाजे उघडता येतात, हा बाळूंचा स्वतःचा अनुभव होता. तोच मार्ग त्यांना समाजासाठीही योग्य वाटला असावा. पण ज्याला इतके बळी घेऊन कर्णधारपदासाठी दहा वर्षे ताटकळावे लागले, त्याचाच अनुभव आंबेडकरांच्या बाजूने पुरावा म्हणूनही मांडता येतो. एकाच चरित्रातून दोन उलट निष्कर्ष निघतात, ही यातली खरी अडचण आहे.

हिंदू महासभेच्या वतीने महापालिकेची एक पोटनिवडणूक लढवून बाळू हरले. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या राखीव जागेसाठी काँग्रेसने त्यांना उमेदवारी दिली. समोर स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. आंबेडकर. २६ वर्षांपूर्वी ज्याने मानपत्र दिले तोच आता प्रतिस्पर्धी होता. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

आकडे काय सांगतात?

३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. हे आकडे आजही चकित करतात. मात्र त्यांची नोंद १९०५-०६ पासून सुरू होते, तेव्हा बाळू तिशीला टेकले होते. फिरकी गोलंदाजाची उमेदीची वर्षे पूना क्लबच्या नेटमध्ये गेली आणि तिथले बळी कोणत्याही धावफलकावर नाहीत. भारताने पहिली कसोटी खेळली ती जून १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.