विणकाम करणारा गोलकीपर

मुलांनो, तुमच्यापैकी जे आइस हॉकी खेळतात त्यांना गोलकीपरच्या तोंडावर मुखवटा असतो हे सांगायची गरज नाही. तो नसेल तर तुमचे कोच तुम्हाला बर्फावर पाऊलही ठेवू देणार नाहीत. पण १९५९ सालापर्यंत एन. एच. एल. मधले गोलकीपर उघड्या तोंडाने उभे राहत. पक म्हणजे कडक रबराची चकती. व्यास तीन इंच, जाडी एक इंच आणि वजन क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडे जास्तच. आई-बाबांनी आपल्या शाळेतला सीझन बॉल आठवावा आणि तो ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने थेट नाकावर येतो आहे अशी कल्पना करावी. क्लिंट बेनेडिक्ट नावाच्या गोलकीपरने १९३० साली तोंडाला लागल्यावर काही सामने चामड्याचा मुखवटा लावला होता, पण त्यातून नीट दिसेना म्हणून त्याने तो काढून टाकला. पुढे जवळजवळ तीस वर्षे गोलकीपर नाक मोडून घेत, टाके घालून घेत आणि परत येऊन उभे राहत. यालाच मर्दानगी म्हणत असत.

हा प्रकार ज्याने बंद पाडला त्याचे नाव झाक प्लांत. त्याच्याबद्दल लिहायचे आम्ही ठरवले ते मुखवट्यामुळेच, पण वाचत गेलो तसा माणूसच जास्त आवडू लागला. तो फार विक्षिप्त होता, असे त्याच्या बरोबरीचे लोक म्हणत. आम्हाला मात्र तो विक्षिप्त कमी आणि हिशोबी जास्त वाटतो.

झाकचा जन्म १७ जानेवारी १९२९ चा, क्वेबेक प्रांतात शाविनिगन गावाजवळचा. अकरा भावंडांत हा थोरला. वडील कारखान्यात कामाला, घरात खाणारी तोंडे तेरा आणि काळ मंदीचा. थोरला म्हणून आईने त्याला स्वयंपाक, शिवण आणि विणकाम शिकवले. दुकानातले लोकरी कपडे परवडत नसत, म्हणून मोजे आणि कानटोप्या घरीच विणायच्या. आपल्याकडे स्वेटर विणायचे काम आई-मावशीचे समजतात. हा पोरगा ते इतके मन लावून करी की पुढे पैसा आला, नाव झाले, तरी सुया सुटल्या नाहीत. जगातल्या सर्वांत चांगल्या संघाचा गोलकीपर संघाबरोबर प्रवास करताना शांतपणे लोकर विणत बसलेला असे!

त्याला लहानपणापासून दमा होता. स्केटवर फार वेळ धावले की श्वास लागायचा, म्हणून तो मागे गोलात जाऊन उभा राहिला. वडिलांनी झाडाच्या मुळापासून कोरून त्याला पहिली गोलकीपरची काठी करून दिली. पायाला बांधायचे पॅड पोत्याच्या कापडाचे आणि लाकडी पट्ट्यांचे, तेही घरचेच. तुमच्या बॅगेतल्या सामानाची किंमत आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे हा मजकूर पालकांनी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवावा.

पुढे तो कारखान्याच्या संघातून खेळू लागला. वडिलांनी सुचवले की खेळायचे पैसे माग. त्याने मागितले. कोचने सामन्यामागे पन्नास सेंट द्यायचे कबूल केले, अट एवढीच की इतर खेळाडूंना सांगायचे नाही. आपल्या कामाची किंमत आपण ठरवायची, हे त्याला मिसरूड फुटायच्या वयातच कळले होते.

नंतर क्वेबेक शहराच्या ज्युनियर संघात त्याने एक नवीनच गोष्ट सुरू केली. त्या काळी गोलकीपरने गोल सोडून बाहेर यायचे नसे. झाकने पाहिले की आपले बचावपटू कच्चे आहेत, गोलामागे गेलेला पक त्यांच्या हाती लवकर लागत नाही. मग तो स्वतःच गोल सोडून मागे जाऊन पक अडवू लागला आणि आपल्या माणसाला देऊ लागला. कोचच्या जिवाचे पाणी होई, प्रेक्षक ओरडत. पण गोल कमी होऊ लागले. बचावपटूंना मागून ओरडून सूचना देणे, हात वर करून इशारा करणे, हेही त्याने रूढ केले. आज टीव्हीवर कुठलाही गोलकीपर पक थांबवायला गोलामागे गेला की तो प्लांतच्या वाटेने जात असतो.

माँट्रियल कॅनेडियन्स संघाने त्याला प्रथम बोलावले नोव्हेंबर १९५२ मध्ये, मुख्य गोलकीपर गेरी मॅकनील जखमी झाला म्हणून. झाक आला तो आपण विणलेली कानटोपी घालून. कोच डिक अर्विन यांना हे मान्य नव्हते. मैदानात टोपी चालणार नाही, असे त्यांनी बजावले. त्याने टोपी काढली आणि तीन सामन्यांत फक्त चार गोल होऊ दिले. १९५३ च्या वसंतात संघ उपांत्य फेरीत शिकागोविरुद्ध ३-२ असा मागे पडला, तेव्हा मॅकनीलच्या जागी पुन्हा यालाच उभे केले. त्याने एकही गोल न देता सहावा सामना जिंकून दिला, मग सातवा, आणि त्या वर्षी स्टॅन्ले कप माँट्रियलला आला. थोड्याच काळात तो संघाचा कायमचा गोलकीपर झाला. १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे माँट्रियलने कप जिंकला. तसे पुन्हा कोणत्याही संघाला जमलेले नाही. त्या पाचही वर्षी सर्वांत कमी गोल देणाऱ्या गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफीही प्लांतलाच मिळाली.

आता मुखवट्याची गोष्ट. ती समजायला दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली म्हणजे पन्नासच्या दशकात खेळ बदलत होता. पूर्वी मनगटाने पक ढकलत. आता काठी मागे उंच नेऊन सपाटून मारायचा फटका आला होता. असा फटका मारण्यात बर्नी जोफ्रियाँ हा खेळाडू पुढे होता, आणि तो प्लांतच्याच संघात! म्हणजे सामन्यात आठवड्यातून दोन-तीनदा आणि सरावात रोज हेच. सरावातच प्लांतच्या गालाची हाडे मोडली, एकदा उजवीकडची आणि एकदा डावीकडची. दुसरी गोष्ट, तेव्हा एन. एच. एल. मध्ये संघ फक्त सहा होते आणि प्रत्येक संघ सामन्याला एकच गोलकीपर आणत असे. म्हणजे या कामाच्या जागा साऱ्या जगात सहा, आणि त्यांवर डोळा ठेवून खालच्या संघांत कितीतरी जण बसलेले. अशा वेळी मला भीती वाटते असे कोण म्हणणार? नोकरीच जायची. आमच्या मते गोलकीपर शूर होते म्हणून तोंड उघडे ठेवत हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कारण या सहा जागा.

गाल मोडल्यावर सरावात मुखवटा लावायची परवानगी प्लांतने मिळवली. मग फायबरग्लासच्या कंपनीत काम करणाऱ्या बिल बर्चमोर नावाच्या गृहस्थांनी त्याला लागलेले एका सामन्यात पाहिले आणि कळवले की मी तुमच्या चेहऱ्यावर नेमका बसेल असा मुखवटा करून देतो. प्लांतच्या चेहऱ्याचा प्लॅस्टरचा साचा घेतला आणि त्यावर फायबरग्लासचे थर देऊन पातळ, हलका, कातडीच्या रंगाचा मुखवटा तयार झाला. पाहणाऱ्याला तो भुतासारखा दिसे.

मुख्य कोच टो ब्लेक यांनी मात्र सामन्यात तो घालायला साफ नकार दिला. ब्लेक काही मूर्ख नव्हते. पायाशी पडलेला पक मुखवट्यातून दिसेल का, ही त्यांची शंका रास्त होती. बेनेडिक्टने याच कारणाने मुखवटा टाकला होता. पण भीती गेली की माणूस सावध राहत नाही, असेही त्यांना वाटे, आणि ते आम्हाला पटत नाही. सीट बेल्ट लावला म्हणून कुणी डोळे मिटून गाडी चालवत नाही.

१ नोव्हेंबर १९५९, रविवारची रात्र, न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सामना सुरू होऊन तीनच मिनिटे झाली होती. न्यूयॉर्क रेंजर्सच्या अँडी बाथगेटने मारलेला पक प्लांतच्या तोंडावर बसला. नाकापासून ओठापर्यंत फाटले. त्याला आत नेऊन टाके घातले. सामना थांबून राहिला, कारण दुसरा गोलकीपर नव्हताच. ब्लेक आत गेले. प्लांतने सांगितले की मुखवट्यासह खेळेन, नाहीतर नाही. सात वर्षांपूर्वी टोपीच्या वेळी तो गप्प बसला होता. या वेळी बसला नाही. ब्लेकांपुढे इलाज नव्हता. जखम भरेपर्यंतच, अशा बोलीवर त्यांनी मान्य केले. प्लांत मुखवटा घालून बर्फावर आला तेव्हा प्रेक्षक अवाक् झाले. माँट्रियलने सामना ३-१ असा जिंकला.

आणि ते जिंकतच राहिले. ओळीने अठरा सामने त्यांना कोणी हरवू शकले नाही, त्यांतले शेवटचे अकरा मुखवट्यासह. तरी भित्रा म्हणणारे होतेच. वर्तमानपत्रांतही थट्टा झाली. ८ मार्च १९६० ला ब्लेकांच्या आग्रहावरून डेट्रॉइटविरुद्ध त्याने एकच सामना मुखवट्याविना खेळून पाहिला. माँट्रियल ३-० असे हरले. त्यानंतर ब्लेकांनी तो विषय काढला नाही. एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही हे कोणताही इंजिनियर सांगेल, पण प्लांतने ती सबब आनंदाने वापरली असणार! त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये संघाने आठही सामने जिंकून पाचवा कप घेतला.

स्वभावाने तो एकलकोंडा. संघात फार मित्र नाहीत, खर्चाला हात आखडता. टोराँटोला सामना असला की संघाच्या हॉटेलात त्याला दमा होई, म्हणून तो वेगळ्या हॉटेलात उतरे. सहकाऱ्यांना ही नाटके वाटत. ज्यांच्या घरात दम्याचे मूल आहे त्यांना तसे वाटणार नाही. एकदा तो म्हणू लागला की काही मैदानांवर गोलाची वरची दांडी खाली वाटते. लोक हसले. मोजून पाहिले तर त्याचेच खरे निघाले.

१९६१ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि प्लांत संपला असे सगळ्यांनी धरले. पुढच्याच मोसमात त्याने व्हेझिना तर घेतलीच, शिवाय साऱ्या लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफीही घेतली. त्यानंतर गोलकीपरला हार्ट मिळायला १९९७ साल उजाडावे लागले. १९६३ मध्ये माँट्रियलने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकले आणि १९६५ मध्ये तो निवृत्त झाला. मग १९६८ मध्ये सेंट लुईसने बोलावले, म्हणून चाळिशीला टेकलेला हा माणूस पुन्हा उभा राहिला आणि ग्लेन हॉलच्या जोडीने सातवी व्हेझिना घेऊन गेला. १९७० च्या अंतिम फेरीत बॉस्टनविरुद्ध एक पक त्याच्या कपाळावर असा बसला की मुखवट्याला तडा गेला आणि तो बेशुद्ध पडला. मुखवटा नसता तर काय झाले असते याबद्दल त्याला स्वतःला काहीच शंका नव्हती. मग तो टोराँटोकडून खेळला आणि बेचाळिसाव्या वर्षी त्या मोसमात लीगमध्ये सर्वांत कमी सरासरीने गोल दिले. एव्हाना त्याने मुखवटे बनवण्याचा स्वतःचा कारखानाही काढला होता. एन. एच. एल. मध्ये उघड्या तोंडाने खेळलेला शेवटचा गोलकीपर अँडी ब्राउन. त्याचा तसा शेवटचा सामना एप्रिल १९७४ चा.

आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट १९७२ ची आहे. सप्टेंबरात कॅनडा आणि सोव्हिएत रशिया यांच्यात आठ सामन्यांची मालिका सुरू होणार होती. सोव्हिएत गोलकीपर व्लादिस्लाव ट्रेत्याक वीस वर्षांचा. पहिल्या सामन्याआधी, माँट्रियलमध्येच, प्लांत दुभाष्याला घेऊन सोव्हिएत खेळाडूंच्या खोलीत शिरला. कॅनडाचा कोणता खेळाडू कसा फटका मारतो, कुठून मारतो, कशापासून सावध राहायचे, हे त्याने त्या पोराला समजावून सांगितले आणि निघून गेला. बहुधा त्याला पोराची दया आली असावी, कारण कॅनडा सहज जिंकणार असे सगळे धरून चालले होते. सोव्हिएत संघाने तो सामना ७-३ असा जिंकला. ट्रेत्याकने पुढे हे उपकार लिहून ठेवले. प्लांतने असे का केले यावर अजून वाद होतात. आम्हाला वाटते की गोलात उभा असलेला माणूस मग तो कोणत्याही देशाचा असो, त्याला तो आपल्या जातीचा मानत असावा. त्याच वर्षी गोलरक्षणावरचे त्याचे पुस्तकही प्रसिद्ध झाले.

१९७५ मध्ये त्याचा धाकटा मुलगा गेला. एडमंटनच्या सराव शिबिरात असताना ही बातमी आली आणि त्यानंतर प्लांत खेळला नाही. उरलेली वर्षे तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला, अधूनमधून तरुण गोलकीपरना शिकवायला अमेरिकेत आणि कॅनडात येत असे. २७ फेब्रुवारी १९८६ ला जिनिव्हात पोटाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले, वय ५७. त्याला सिएर गावात पुरले आहे. माँट्रियलने १९९५ मध्ये त्याचा १ नंबरचा शर्ट कायमचा निवृत्त केला. तो नंबर आता त्या संघात कोणालाही मिळत नाही.