भाभांच्या संगणकाची स्मृती

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव निघाले की तुर्भ्याची अणुभट्टी डोळ्यांसमोर येते. मात्र संगणकाची स्मृती आणि ट्रान्झिस्टर या विषयांतही देशाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा ध्यास याच मुंबईकर शास्त्रज्ञाने घेतला होता.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात जन्मलेले भाभा केंब्रिजमध्ये सैद्धांतिक भौतिकीचे संशोधक म्हणून नावारूपाला आले. १९३९ मध्ये ते सुटीवर मायदेशी आले असताना महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन सुरू केले. या किरणांतील कणांच्या मोजणीला नाजूक विद्युत उपकरणे लागत. त्यामुळे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सिद्धांताच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक्सचे कामही रुजले.

याच संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी संगणक उभारला. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये चालू झाले, तर पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफरॅक’ असे नामकरण केले. सुमारे २७०० व्हॉल्व्हवर चालणाऱ्या या यंत्राची स्मृती तारांत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्यांत साठवलेली असे. कडीचे चुंबकत्व एका दिशेला असेल तर एक आणि उलट दिशेला असेल तर शून्य. प्रारंभी ४० अंकी १०२४ शब्द त्यात मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने अवघे ५ किलोबाइट! मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही एवढ्या जागेत बसणार नाही.

पण यंत्र पूर्ण होईपर्यंत जगाने व्हॉल्व्ह सोडून ट्रान्झिस्टर स्वीकारला होता. १९६४ मध्ये संस्थेला अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० संगणक आणावा लागला. संगणक उभारण्याचे कसब हाती आले, तरी सुटे भाग आणि ते घडवणारे पदार्थशास्त्र परक्यांकडेच राहिले, तर शर्यतीत मागे पडणे अटळ होते.

१९६२ च्या चीन युद्धानंतर ही उणीव अधिकच बोचू लागली. १९६३ मध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमण्यात आली. देशी उत्पादनाचा आराखडा मांडणारा तिचा अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा भाभा हयात नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावर झालेल्या विमान अपघातात वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी राहिली.

भाभांच्या काळात जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर उष्णतेने बिघडे आणि प्रकाशापासूनही त्याला जपावे लागे. आज कार्बनी रेणूंपासून बनणाऱ्या सेंद्रिय ट्रान्झिस्टरमध्ये हाच हळवेपणा उपयोगी ठरू पाहत आहे. अशा काही रचनांत प्रकाशाने सुटलेला विद्युतभार थरांच्या सीमेवर अडकतो आणि नोंद म्हणून टिकतो. उष्णता दिली की तो मोकळा होतो आणि नोंद पुसली जाते. पवईच्या आयआयटीतही सेंद्रिय ट्रान्झिस्टरवर संशोधन झाले आहे. मात्र स्मृतीच्या चिपसाठी देश आजही मुख्यतः आयातीवर विसंबून आहे. प्रयोगशाळेतील यश कारखान्यापर्यंत न्यायचे कसे, हा भाभांच्या समितीपुढचा प्रश्न अजून सुटलेला नाही.